वीस पैलूंचा फासा

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून अंबाजोगाईला आला तो दोन पिशव्या घेऊन. एका पिशवीत कपडे होते आणि दुसरीत जगे होती. 'जगे' हा शब्द त्याचा, माझा नव्हे. कपड्यांची पिशवी त्याने ओसरीवर भिरकावली. जगांची मात्र तान्ह्या मुलासारखी सांभाळत माडीवर नेली. आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून हे पाहिले आणि नुसत्या डोळ्यांनी मला बजावले, की जरा वर जाऊन बघा काय भानगड आहे ती.

वर सतरंजीवर पाच-सहा जाडजूड पुस्तके मांडली होती. मुखपृष्ठांवर पंखवाले अजगर, शिंगवाले राक्षस आणि थंडीत न शोभणाऱ्या कपड्यांतल्या वीरांगना. शेजारी फासे. त्यांतला एक मी उचलला आणि खाली ठेवावासा वाटेना. वीस बाजू, प्रत्येक बाजू समभुज त्रिकोण! जन्मभर मी गणित शिकवले. ही आकृती फळ्यावर काढताना माझे कितीतरी खडू मोडले. पण ती मुठीत धरायचा योग निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी आला.

"आजोबा, हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा फासा आहे," नातू म्हणाला. त्याची धाकटी बहीण, म्हणजे आमची नात, लगेच सांगू लागली. चार-पाच जणांनी बसायचे. एकाने सूत्रधार व्हायचे आणि बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचे. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार म्हणणार, 'तुमच्यासमोर पडका पूल आहे.' तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचे. ते जमते की फसते, हे फासा सांगणार. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही.

मुलांची अपेक्षा होती की म्हातारा तोंडात बोट घालील. मला त्यात फारसे नवल वाटले नाही. ज्याने लहानपणी भातुकलीत खोटा चहा पिऊन 'साखर कमी आहे' म्हटले आहे, त्याला हा खेळ नवा नाही. पैठणच्या नाथांनी तर वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे घेऊन अवघे अध्यात्म सांगितले. फरक एवढाच, की भारुडाचा शेवट ठरलेला असतो आणि येथे फासा थांबेपर्यंत सूत्रधारालाही तो ठाऊक नसतो. आणि आपल्या मोक्षपटात फासा नेईल तिकडे मुकाट्याने जायचे, साप आला तर सापाच्या तोंडात. येथे आधी तुम्ही बोलायचे, मग फाशाने. हा मात्र मोठा फरक आहे, आणि तो मला आवडला.

"मग ही एवढी पुस्तके कशाला?" मी विचारले.

नियम म्हणे तीन पुस्तकांत संपतात. बाकीची पुस्तके म्हणजे जगे. एकेका पुस्तकात एकेक नवे विश्व: त्याचा नकाशा, राजे, देव, भुते, बाजारभाव, सगळे. आणि नेमक्या याच विषयावर बहीणभावांचे गाडीत बसल्यापासून भांडण चालू होते, की कंपनीने आता पुढचे जग कोणते काढावे. नातवाचे म्हणणे, १९९१ साली 'डार्क सन' नावाचे एक जग निघाले होते ते पुन्हा नव्याने काढावे. त्या जगात सारे वाळवंट आहे, लोखंड मिळत नाही आणि पाण्यासाठी माणसे एकमेकांच्या उरावर बसतात.

"त्याला पुस्तक कशाला हवे?" मी म्हणालो. "एप्रिलमध्ये ये. आष्टी-पाटोद्याकडे तुला फिरवून आणतो."

नात हसली, नातू रुसला. पण दोन दिवस तो विषय माझ्या डोक्यातून जाईना. त्या पोरांकडून मी खोदूनखोदून सगळी हकीकत काढून घेतली, आणि ती एखाद्या घराण्याच्या कैफियतीसारखी रंजक निघाली. अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात लेक जिनिव्हा नावाचे छोटेसे गाव आहे. तेथल्या गॅरी गायगॅक्स या गृहस्थाने डेव्ह आर्नेसन नावाच्या मित्राबरोबर हा खेळ रचला. तो १९७४ साली छापला तेव्हा प्रती काढल्या अवघ्या एक हजार. पण छापण्याच्या आधी, १९७२ मध्ये, गायगॅक्सच्या कल्पनेतल्या किल्ल्याच्या तळघरात पहिल्यांदा उतरले कोण? त्याचा मुलगा आणि मुलगी. घरच्या पोरांसाठी बापाने रचलेले ते पहिले जग. पुढे त्याचेच 'ग्रेहॉक' या नावाने पुस्तक झाले.

मग धंदा वाढला आणि जगे वाढली. १९८४ साली 'ड्रॅगनलान्स', १९८७ साली 'फरगॉटन रेल्म्स', नव्वदच्या दशकात तर दर वर्षा-दोन वर्षांनी नवे विश्व. एक भुतांचे, एक अरबी कथांचे, एक परलोकांचे. प्रत्येकाला पुन्हा पुरवण्या. झाले काय, की ज्याला भुतांचे जग आवडले तो अरबी जग विकत घेईना आणि अरबी जगातला माणूस परलोकाकडे फिरकेना. गिऱ्हाईक तेवढेच राहिले आणि चुली मात्र आठ झाल्या. कर्जे आणि परत आलेली पुस्तके यांच्या ओझ्याने ती कंपनी मेटाकुटीला आली आणि १९९७ साली दुसऱ्या एका कंपनीने ती विकत घेतली. जगे फार झाल्यामुळे घर बुडाले, असे त्या धंद्यातले जाणते आजही सांगतात. साक्षात विश्वामित्राने प्रतिसृष्टी निर्माण केली ती एकच. त्यालाही पुढे ती आवरताना नाकी नऊ आले.

नव्या मालकांनी २००२ साली एक युक्ती केली. त्यांनी लोकांनाच विचारले, तुमच्या मनात कोणते जग आहे? ते एका पानावर लिहून पाठवा. अकरा हजार पाने आली! त्यांतली अकरा निवडली, त्यांतून तीन आणि तिनांतून एक. त्या एकाचे २००४ साली 'एबेरॉन' नावाचे पुस्तक निघाले. मला ती एक पानाची अट फार पसंत पडली. मराठीतल्या कित्येक कादंबऱ्यांना ती आधीच घातली असती तर किती बरे झाले असते.

आणि नातवाने शेवटी सांगितले ते सगळ्यांत महत्त्वाचे. जानेवारी २०२३ पासून या खेळाचे मूळ नियम कंपनीने सर्वांना खुले केले आहेत. ते वापरून कोणीही आपले जग लिहावे, छापावे, विकावे.

"मग कंपनीच्या नावाने कशाला भांडता?" मी म्हणालो. "आपणच काढू. एक पान. मुदत लक्ष्मीपूजनापर्यंत."

नातवाने धारूरचा किल्ला घेतला. आदिलशाहीतल्या किश्वरखानाने १५६७ साली बांधलेला. त्यात त्याने तीन राक्षस आणि एक खजिना घातला. नातीने बीडची खजाना बावडी घेतली. दुष्काळातही न आटणारी ही विहीर सोळाव्या शतकातली, आणि तिच्यातून भुयारी नळांनी मळ्यांना पाणी जाते. त्या नळांतून एक मुलगी वाट काढत जाते, अशी नातीची कल्पना होती. ती मला मनातून बरी वाटली, पण परीक्षक स्वतःही उमेदवार असल्यामुळे मी तसे बोललो नाही.

माझा विषय उघडच होता: अंबाजोगाई. ज्या गावात योगेश्वरीचे देऊळ आहे, खडकात कोरलेला हत्तीखाना आहे, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, जे निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणून कागदोपत्री नांदले, त्याला जग म्हणून उभे करायला कमी काय? मी लिहीत बसलो. यादवांची नाणी आली, देवळांचे शिलालेख आले, दासोपंत आले. एका पानाची चौदा पाने झाली. सौभाग्यवतींनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा निवलेला परत नेला.

दासोपंतांपाशी मात्र मी जरा अडखळलो होतो. सांगतात, की त्यांना लिहायला रोज ढबू पैशाची शाई लागे. 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा. त्याच दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेले पंचीकरण. गावात कोणी पाहुणा आला की तो पासोडीबद्दल विचारतो. 'गीतार्णव' पुरा वाचलेला पाहुणा मला अजून भेटायचा आहे. हे मला तेव्हाच समजायला हवे होते. समजले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या जगाची चाचणी ठेवली. मी सूत्रधार. माडीवर नातू, नात, शेजारचे दोन मुलगे. आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर आणखी एक मुलगी. तिची आई आमच्या सीताफळीच्या बागेत तोडणीला येते. बालाघाटाच्या अंगावर सहा-सात किलोमीटरांवर त्यांची वाडी. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. मागच्या वर्षापासून ती माझ्याकडे अपूर्णांक शिकायला येई आणि मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाही. गणित हातात असते हे तिला बरोबर कळले होते.

मी सुरुवात केली ती यादवांच्या वंशावळीपासून. पाऊण तास बोललो. शेजारच्या मुलांपैकी एकाने जांभई दिली ती नातीने घेतली आणि नातीची नातवाने. अखेर नातू कळवळून म्हणाला, "आजोबा, आता आम्ही निघू का? कुठंही!"

"निघा," मी जरा खट्टू होऊनच म्हणालो. चौघे वीर सजले, शस्त्रे घेतली आणि गावाच्या वेशीबाहेर पडले.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. "सर, हे चौघं जायलेत. मंग ह्यांच्या घरी मागं कोन हाय?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. नातवाने खरोखरीच पुस्तके चाळली. निघालेल्यांसाठी सगळे होते: दोरखंडाची किंमत, तंबूचे वजन, घोड्याची चाल. मागे राहिलेल्यांसाठी काही दिलेले नव्हते.

"तू लिही," नात म्हणाली आणि माझ्या चौदाव्या पानाची कोरी बाजू तिच्यापुढे धरली.

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी येथे थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडून दर वर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम त्या कोयत्याच्या नावावर आगाऊ रक्कम देतो, तिला 'उचल' म्हणतात, आणि हंगामभर तोडून ती फेडायची असते. फिटली नाही तर पुढच्या हंगामात चढते. फडाजवळ पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत पाच-सहा महिने काढून माणसे चैत्राच्या सुमारास परततात. तोवर वाड्यांवर राहतात म्हातारी माणसे, शाळेतली काही पोरे, आणि कुलपे.

तिने लिहिले ते एका बाजूवर मावले. वाडीत बेचाळीस घरे, त्यांतली एकतीस बंद. विहीर एक, माघात तळ दिसतो. एक आजी, तिला रात्री खोकला येतो. एक शेळी, गाभण. शाळेत नऊ मुले. एक मोबाईल, तो चालू ठेवायला पैसे कोणी घालायचे ते ठरलेले नाही. बिबट्या. शेवटी एक ओळ होती: 'सगळे येईपर्यंत गाव टिकवायचे.'

बिबट्या तिने कल्पनेतून काढलेला नव्हता. २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, त्या हिवाळ्यात आमच्या भागातही सांजवेळी कोणी शेताकडे फिरकत नसे.

दुसऱ्या दिवशी ते जग आम्ही खेळलो. नातवाने सवयीने विचारले, "मी योद्धा होऊ?" ती म्हणाली, "योद्धे सगळे फडावर गेलेत." त्याला मोतीबिंदू झालेला सत्तरीचा म्हातारा व्हावे लागले. नात झाली तिसरीतली मुलगी. मी गाभण शेळीचा मालक, म्हणजे वाडीतला सगळ्यांत श्रीमंत. आणि दाराशी उभ्या असलेल्या सौभाग्यवती, ज्यांनी चाळीस वर्षांत आमच्या घरातला पत्त्याचा डावसुद्धा बसून पाहिला नाही, त्या पदर खोचून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ती खोकणारी आजी मी."

चार तास आम्ही उठलो नाही. राक्षस एकही आला नाही. आजीचा खोकला वाढला तेव्हा प्रश्न पडला, की तालुक्याला न्यायचे तर जीपचे भाडे कोठून आणायचे. शेळी विकायची की विईपर्यंत थांबायचे? मी थांबायचे म्हटले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे काही पाहिले, की मी वंशावळ सांगताना देखील इतका ओशाळलो नव्हतो. फासा टाकला. तीन पडले. आजीची ती रात्र फार वाईट गेली. फडावर फोन करून आईला सांगायचे का, यावर मुलांचे कडाक्याचे भांडण झाले. सांगितले तर आई येईल, आई आली तर कोयता मोडेल आणि अंगावर उचल राहील. नातू म्हणाला, सांगू नये. नात म्हणाली, सांगावे. ती वाडीची मुलगी सूत्रधार होती. ती काहीच बोलली नाही. नुसता फासा हातात फिरवत राहिली.

नातवाच्या पुस्तकांत हजार-हजार वर्षांचे साम्राज्य आहे. पण तेथे एवढा वेळ तो एका फोनपाशी अडून बसलेला मी पाहिला नव्हता. जग काढायचे तर त्यात खेळणाऱ्याला ठरवावे लागेल असे काहीतरी हवे, आणि ते ठरवणे त्याला जड गेले पाहिजे. एवढे असले की एक विहीर आणि बेचाळीस घरे पुरतात. हे नसले तर माझ्यासारख्याची चौदा पाने जांभयांना पुरतात. कंपनीने पुढे काय काढावे हे कंपनीचे तिने पाहावे. मला विचाराल तर मी म्हणेन, निघणाऱ्यांसाठी पुष्कळ झाले. आता मागे राहणाऱ्यांचे एक पातळसे पुस्तक काढा.

त्याच संध्याकाळी तिची आई सीताफळांच्या शेवटच्या तोडणीचे पैसे न्यायला आली. पैसे मोजून कनवटीला लावले आणि जाता जाता सांगितले, की परवा ट्रॅक्टर निघतोय आणि या खेपेला पोरगीही बरोबर येईल. धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवेच. सासूचा काही भरवसा नाही.

"आणि शाळा?" मी विचारले.

"सर, वयात आलेली पोर मागं कुनाच्या भरवशावर ठेवू? नाहीतर मंग लगीन तरी लावून द्यावं लागंल."

हे ती चिडून बोलली नाही. एखादा हिशेब सांगावा तसे बोलली. मी हंगामी वसतिगृहाची गोष्ट काढली. ती म्हणाली, ते कधी सुरू व्हायचं आन् कधी नाही. मी पुढे काय बोलावे या विचारात होतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर मनात अजून तो फोनचा प्रश्न घोळत होता आणि मला वाटत होते, की हे सगळे मी काल फाशाने सोडवत होतो. बोलल्या त्या सौभाग्यवती. "आमच्याकडं राहू दे तिला. माझ्याजवळ झोपेल. रविवारी आजीला भेटून येईल."

आईने लेकीकडे पाहिले. लेक जिन्याकडे पाहत होती. "धाकट्याचं काय?" आई म्हणाली. त्याचे उत्तर आमच्या कोणाकडेच नव्हते. शेवटी ठरले ते अर्धेच: संक्रांतीपर्यंत ठेवून बघू.

परवा ट्रॅक्टर गेला. दोन ट्रॉल्या, वर भांडी, गाठोडी, कोंबड्यांची टोपली आणि पोरे. धाकटा आईच्या मांडीवर. मुलगी आमच्या दारात उभी राहून बघत होती, मग आत येऊन तिने विचारले, "काकू, दळन आणायचं का?"

संक्रांत गेली आणि ती राहिली. धाकटा फडावर दोनदा आजारी पडला. दोन्ही वेळा फोन आला आणि दोन्ही वेळा तिची बॅग भरलेली मी पाहिली. ती गेली नाही. तिला कोणी जा म्हटले नाही, राहा असेही म्हटले नाही. आठवीत ती चांगल्या गुणांनी पास झाली, पण त्या दोन रात्री तिला झोप लागली असेल असे मला वाटत नाही.

रविवारी पुण्याहून नातवाचा व्हिडिओ कॉल येई. तो आणि त्याचे वसतिगृहातले मित्र आमची वाडी खेळत. सूत्रधार अर्थात तीच. एकाच्या म्हाताऱ्याने शेळी विकली तर दुसऱ्या रविवारी तो स्वतःच अस्वस्थ होऊन विचारी, ती परत घेता येईल का? पुस्तकाची आता तेवीस पाने झाली आहेत. छापायचे ठरले आहे. मी फक्त शुद्धलेखन तपासतो आणि एकही वंशावळ घालत नाही.

नातीचा आग्रह, की याला एक पुरवणी हवी: फडाची, कोपीची. मुलीने स्पष्ट सांगितले, मी फडावर लहानपणी गेले होते, मला नीट आठवत नाही. आईला विचारून लिहीन. चैत्रात आई परतली तेव्हा दोघी आमच्या ओसरीवर बसल्या. पहाटे किती वाजता उठायचे, मोळी केवढी बांधायची, वाढे कोणी विकायचे, गाडी रात्री आली तर पोर कोठे निजवायचे, हे सगळे आई सांगत गेली आणि लेक लिहीत गेली. यंदाची उचल भाद्रपदातच घेऊन झाली आहे. मुलगी या खेपेला कोठे राहणार हे अजून ठरलेले नाही.

त्या पुरवणीत उचलीचा एक नियम आहे. दर महिन्याला वीस पैलूंचा फासा टाकायचा. पडेल तेवढी मोळ्यांची रक्कम उचलीतून वजा करायची. मग आजारपण, किराणा, गावाकडे पाठवलेले पैसे यांचा दुसरा फासा टाकून तेवढी मिळवायची. नातू म्हणाला, "हे गणित चुकलंय. असं केलं तर उचल कधी शून्यावर येणारच नाही." मीही आकडे मांडून पाहिले. क्वचितच येते.

मुलीने तो नियम आईला वाचून दाखवला. आईने नीट ऐकून घेतले, दोन बोटांनी हवेत काहीतरी मोजले आणि म्हणाली, "हे मातुर बरुबर लिहिलंस." आणि मग मोळ्यांचा आकडा तेवढा दुरुस्त करायला सांगितला; तो लेकीने थोडा जास्त धरला होता.